पटलेलं पुस्तक पुन्हा वाचताना: ‘नॉट फॉर प्रॉफिट’ आणि छोट्या कॉलेजातली ह्युमॅनिटीज

दिवाळीच्या आसपास माझ्याकडे एसओपी येऊन पडायला लागतात. कुणी पुण्याहून पाठवतं, कुणी नांदेडहून, कुणी माझ्याच सोलापूरच्या कॉलेजमधून. “ताई, जरा बघून सांगा ना.” मी बघते. त्यात एक वाक्य मला इतक्यांदा भेटलंय की आता ते दिसलं की ओळखीचं माणूस दिसल्यासारखं वाटतं. वाक्य साधारण असं असतं: मार्था नुसबॉम यांनी दाखवून दिलं आहे की मानव्यविद्यांशिवाय लोकशाही टिकू शकत नाही, म्हणून मला याच विषयांत संशोधन करून पुढे एखाद्या छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात शिकवायचं आहे.

मला या वाक्याला हसता येत नाही, कारण माझ्या एसओपीतही ते होतं. पीएचडीच्या पहिल्या सेमिस्टरला मी याच पुस्तकावर सहा पानी निबंध लिहिला होता, सगळा कौतुकाचा. निबंध परत आला तेव्हा ‘दाखवून दिलं आहे’ या शब्दांखाली पेन्सिलीची रेघ होती आणि समासात एकच प्रश्न: कुठे?

मी पुस्तक परत उघडलं. रात्रभर शोधलं. त्या शोधाबद्दल आज लिहायचं आहे.

पुस्तक काय म्हणतं

‘नॉट फॉर प्रॉफिट’ 2010 साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलं. पुस्तक छोटं आहे, दोन बैठकांत वाचून होतं. मांडणी थोडक्यात अशी: जगभरची सरकारं शिक्षणाकडे आर्थिक वाढीचं साधन म्हणून बघताहेत. त्यामुळे साहित्य, तत्त्वज्ञान, इतिहास, कला हे विषय कापले जाताहेत. पण लोकशाहीला लागणाऱ्या तीन गोष्टी हेच विषय देतात. एक, कुणाच्याही अधिकाराला न दबता युक्तिवाद तपासणं (इथे सॉक्रेटिस येतो). दोन, आपल्या गावापलीकडच्या जगाचा नागरिक म्हणून विचार करणं. तीन, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघण्याची कल्पनाशक्ती. आधाराला दोन मोठी माणसं आहेत, अमेरिकेचे जॉन ड्यूई आणि आपले रवींद्रनाथ टागोर. शांतिनिकेतनची शाळा (1901) पुस्तकात पुन्हा पुन्हा येते. अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स पद्धतीबद्दल, म्हणजे कोणताही मुख्य विषय घ्या पण बाकीचे विषयही शिकायला लागतील या पद्धतीबद्दल, नुसबॉम यांना आपुलकी आहे. लहान वर्ग, भरपूर लेखन आणि त्यावर भरपूर शेरे, हे सगळं त्यांना याच पद्धतीत दिसतं.

आपल्याकडे बी.ए. केलेल्या कुणालाही हे वाचून भरून येईल. मला आलं होतं. ‘बी.ए. करून काय करणार?’ हा प्रश्न तीन वर्षं ऐकल्यावर कुणीतरी शिकागो विद्यापीठातून ओरडून सांगतंय की बाई, तू करतेयस ते देशाच्या कामाचं आहे. अशा वेळी पुरावा मागायचं सुचत नाही.

एका मुलाची गोष्ट

पुरावा म्हणून पुस्तकात जे येतं त्यातलं सगळ्यांच्या लक्षात राहणारं उदाहरण एका एकोणीस वर्षांच्या मुलाचं आहे. त्याला तत्त्वज्ञानाचा एक कोर्स सक्तीने घ्यावा लागला. शिकवणाऱ्या बाई मूळच्या कोलकात्याच्या. त्यांनी सॉक्रेटिसपासून सुरुवात केली आणि पुढे फाशीच्या शिक्षेवर वाद ठेवला. मुलगा फाशीच्या बाजूचा, पण त्याला विरुद्ध बाजू मांडायला दिली. आपण मानत नाही अशा बाजूनेही युक्तिवाद करता येतो, हे त्याला तोवर ठाऊकच नव्हतं. त्यानंतर राजकीय चर्चेकडे बघण्याची त्याची नजर बदलली.

गोष्ट सुंदर आहे आणि खरी आहे. आता संशोधक म्हणून तिच्याकडे बघा.

पहिली गोष्ट, हा एक मुलगा आहे. त्याच वर्गात बसून तस्साच बाहेर पडलेल्या मुलाची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण ती गोष्टच होत नाही. दुसरी गोष्ट माझ्या लक्षात यायला तिसरं वाचन लागलं. हा मुलगा छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजातला नाहीच! तो बिझनेस कॉलेजातला आहे. धंदा शिकायला आलेल्या मुलाला एक सक्तीचा कोर्स मिळाला आणि तो बदलला. मग या उदाहरणातून नेमकं काय सिद्ध होतं? मानव्यविद्यांची पदवी गरजेची आहे हे? छोटं निवासी कॉलेज गरजेचं आहे हे? की चांगली शिकवणारी एक बाई आणि एक नीट आखलेला वादविवाद पुरेसा आहे, मग कॉलेज कसलंही असो? उदाहरण तिसऱ्या निष्कर्षाच्या जास्त जवळ जातं. आणि तो निष्कर्ष खरा असेल, तर सोलापूरच्या कॉमर्स कॉलेजातही तो वर्ग घेता येईल. माझ्यासाठी ती जास्त मोठी बातमी आहे.

‘लिबरल आर्ट्स कॉलेज’ म्हणजे कुठलं?

एसओपी लिहिणाऱ्या मुलांना मी विचारते, “लिबरल आर्ट्स कॉलेज म्हणजे काय?” उत्तर येतं, “जिथे सगळे विषय शिकता येतात.” हे चालणार नाही. संशोधनात शब्द वापरला की त्याची हद्द आखावी लागते.

डेव्हिड ब्रेनमन नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1990 साली हे काम केलं. अमेरिकेत स्वतःला लिबरल आर्ट्स म्हणवणारी शेकडो कॉलेजं होती. त्याने एक साधी कसोटी लावली: देत असलेल्या पदव्यांपैकी निदान 40 टक्के पदव्या खरोखर लिबरल आर्ट्सच्या विषयांत आहेत का? बाकी नर्सिंग, बिझनेस, शिक्षकी पेशा असं काही शिकवून पाटी मात्र लिबरल आर्ट्सची, अशी कॉलेजं गळाली. उरली 212. पुढे 2012 साली तीन अभ्यासकांनी तीच यादी पुन्हा तपासली, तर 130 उरली होती.

हे आकडे नुसबॉम यांच्या भीतीला बळ देतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. संकट खोटं नाही. अँटिऑक कॉलेज 2008 साली बंद पडलं, 2011 मध्ये परत उघडलं. व्हर्जिनियातल्या स्वीट ब्रायर या मुलींच्या कॉलेजने 2015 च्या मार्चमध्ये बंद होत असल्याचं जाहीर केलं आणि माजी विद्यार्थिनींनी पैसे उभे करून, कोर्टात लढून ते वाचवलं. पण दुसऱ्या टोकाला विल्यम्स कॉलेज आहे. विद्यार्थी सुमारे दोन हजार आणि गंगाजळी तीन अब्ज डॉलरच्या वर. ही दोन्ही ‘छोटी लिबरल आर्ट्स कॉलेजं’. एकाच नावाखाली एक बुडतंय आणि दुसरं राजवाड्यात आहे. अमेरिकेत देणगीदारांमुळे ह्युमॅनिटीज तगून राहिल्या, याचं नुसबॉम यांना समाधान वाटतं. पण देणगी जिथे आधीच श्रीमंती आहे तिकडेच वाहत जाते, ही अडचण पुस्तकात हवी तेवढी येत नाही.

रोप की माती?

आता संशोधनाच्या तयारीत असलेल्यांना सर्वात जास्त खुणावणारा मुद्दा. पोर्टलंडचं रीड, पेनसिल्व्हेनियातलं स्वार्थमोर, मिनेसोटातलं कार्लटन, आयोवातलं ग्रिनेल ही छोटी कॉलेजं, विद्यार्थिसंख्येच्या मानाने, पुढे पीएचडी करणारे लोक फार मोठ्या प्रमाणात घडवतात. हे वाचलं की निष्कर्ष तोंडावर येतो: छोट्या कॉलेजात संशोधक घडतात.

थांबा. रीडला जातं कोण? ज्यांना सतरा-अठराव्या वर्षीच वाचायचं वेड आहे, ज्यांच्या घरी बहुतेक वेळा पुस्तकं आहेत. ही मुलं मोठ्या सरकारी विद्यापीठात गेली असती तरी त्यातली बरीच पीएचडीकडे वळली असती. म्हणजे कॉलेजने घडवलं किती आणि घडलेली मुलं आत आली किती, हे वेगळं काढल्याशिवाय काही म्हणता येत नाही. शेतकऱ्याच्या भाषेत, पीक चांगलं आलं ते बियाण्यामुळे की मातीमुळे? एकाच मातीत एकच बियाणं पेरलं असेल, तर ते सांगताच येणार नाही. संख्याशास्त्रवाले याला निवडीचा परिणाम म्हणतात. तुमच्या प्रबंधात हा प्रश्न विचारला जाणारच आहे, आधीच विचारून ठेवा.

मी आत जाऊन काय पाहिलं

मग छोटं कॉलेज नुसतंच नाव आहे का? नाही, असं मी म्हणू शकते, कारण गेल्या वर्षी आमच्या विद्यापीठापासून पाऊण तासावरच्या एका छोट्या कॉलेजात इतिहासाच्या कोर्सला मी मदतनीस होते. वर्गात चौदा मुलं. प्रत्येकाचे चार निबंध, प्रत्येक निबंध दोनदा लिहायचा. कागदावर हिशोब करा: एका सेमिस्टरला एकशे बारा निबंध, फक्त एका कोर्सचे.

त्यात एक मुलगी होती. कॉलेजच्या खाणावळीत आठवड्याला दहा तास ताटं धुवून शिकणारी. तिने एका स्थलांतरित बाईच्या पत्रावर निबंध लिहिला की ही बाई नव्या देशात दुःखी होती. मी शेरा लिहिला, “पत्रात हे कोणत्या ओळीत आहे?” तिने दुसरा खर्डा आणला, आणखी ठाम. मी परत तेच विचारलं. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे आली, पत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “मी शोधलं. हे यात नाहीये. मला वाटलं होतं फक्त.” आणि मग जे पत्रात खरोखर होतं, भाड्याचे हिशोब, बटाट्यांचे भाव, पाठवायच्या पैशांची यादी, त्यावर तिने निबंध लिहिला. माझ्या निबंधाच्या समासात आलेला प्रश्न मी तिला पुढे दिला होता, हे मला बऱ्याच दिवसांनी जाणवलं.

मी सोलापूरला इतिहासात बी.ए. केलं तेव्हा हजेरीपटावर नव्वद नावं होती. तीन वर्षांत माझं लिहिलेलं एकही पान शेरा होऊन परत आलं नाही. असाइनमेंट म्हणजे गाइडमधून उतरवून फाइल लावायची. आमचे सर वाईट नव्हते. नव्वद मुलांचे चार निबंध दोनदा वाचायचे म्हणजे सातशे वीस होतात, आणि सरांकडे असे पाच वर्ग होते. माणूस काय करेल?

विल्यम्समध्ये ट्युटोरियल नावाचा प्रकार आहे. दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक दर आठवड्याला भेटतात. एक जण पाच-सात पानांचा निबंध वाचतो, दुसरा त्यावर टीका करतो, पुढच्या आठवड्याला उलट. दहा मुलांचं ट्युटोरियल म्हणजे पाच जोड्या, म्हणजे आठवड्याला पाच स्वतंत्र बैठका. रीडमध्ये प्रत्येकाला, हो, प्रत्येकाला, शेवटच्या वर्षी वर्षभर खपून प्रबंध लिहावा लागतो, त्यावर तोंडी परीक्षा होते आणि प्रबंध ग्रंथालयात कायमचा राहतो. हे आहे छोट्या कॉलेजाचं खरं बळ: तुमचं लिहिलेलं कुणीतरी बसून वाचतं, आणि पुन्हा लिहायला लावतं. सहानुभूती, जागतिक नागरिकत्व वगैरे त्यातून उगवलं तर उगवेल. पण जे घडताना मला डोळ्यांनी दिसलं ते हे आहे, आणि त्याला माणसांचे तास लागतात.

माझी नुसबॉम यांच्याबद्दलची मुख्य तक्रार इथे आहे. हे तास पुस्तकात आहेत, पण ओझरते. मूल्यांवर पानंच्या पानं आहेत आणि मजुरीवर काही ओळी. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं की टागोर आणि सॉक्रेटिस अभ्यासक्रमात घातले की काम झालं. नव्वदच्या वर्गात सॉक्रेटिस घातला तर त्याचंही गाइड निघेल.

दोन्हीकडून खरा ठरणारा दावा

आणखी एक कसोटी. रीडमध्ये पहिल्या वर्षाला सगळ्यांना ह्युमॅनिटीज 110 हा वर्षभराचा कोर्स असतो. ग्रीस, रोम आणि भूमध्य समुद्राभोवतीच्या प्राचीन जगावर तो उभा होता. 2016 पासून विद्यार्थ्यांच्या एका गटाने या अभ्यासक्रमात गोऱ्यांचाच वारसा मध्यभागी ठेवलाय म्हणून आंदोलन केलं. व्याख्यान चालू असताना फलक घेऊन ते सभागृहात बसायचे. 2017 मध्ये वर्षाच्या सुरुवातीचं व्याख्यान रद्द करावं लागलं. पुढे अभ्यासक्रम बदलला, मेक्सिको सिटी आणि न्यूयॉर्कचं हार्लेम त्यात आलं.

आता सांगा, ह्युमॅनिटीजचं शिक्षण इथे यशस्वी झालं की फसलं? एक जण म्हणेल, यशस्वी. मुलं अधिकाराला प्रश्न विचारायला शिकली, त्यांनी तो प्रश्न थेट कोर्सलाच विचारला. दुसरा म्हणेल, फसलं. समोरच्याचं ऐकून घ्यायलाच ती शिकली नाहीत. दोघेही नुसबॉम यांचाच आधार घेऊ शकतात, एक सॉक्रेटिसवाल्या प्रकरणाचा, दुसरा कल्पनाशक्तीवाल्या. घटना काहीही घडली तरी जो दावा खरा ठरतो तो तपासता येत नाही. तो चुकीचा असेल असं नाही. पण त्याच्यावर ‘दाखवून दिलं’ हे क्रियापद चढवता येत नाही.

ड्यूईचा दुसरा विद्यार्थी

मराठी वाचक म्हणून मला या पुस्तकात एक खुर्ची रिकामी वाटते. ड्यूई आणि भारत म्हटलं की नुसबॉम यांच्या पुस्तकात शेजारी टागोर येऊन बसतात. आपल्या डोक्यात दुसरंच नाव येतं. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते आणि ड्यूईंच्या वर्गात बसले होते. परत येऊन त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि पुढे औरंगाबादला मिलिंद कॉलेज. ज्यांना दारातच उभं केलं जात होतं त्यांना वर्गात आणणं हे पहिलं काम होतं. त्याही आधी, 1882 मध्ये, जोतिराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे हिशोबच मांडला होता: शेतकऱ्याच्या घामाच्या पैशावर वरच्यांचं उच्च शिक्षण चाललंय आणि बहुजनांच्या प्राथमिक शाळेकडे लक्ष नाही.

वर्गात काय शिकवायचं हा टागोरांचा आणि नुसबॉम यांचा प्रश्न. वर्गात बसणार कोण आणि पैसे कुणाचे, हा फुले-आंबेडकरांचा. आज रीड किंवा विल्यम्सचा राहण्याखाण्यासकट वर्षाचा जाहीर खर्च 80 हजार डॉलरच्या वर आहे. बऱ्याच मुलांना त्यात मोठी सवलत मिळते हे खरं, पण लोकशाहीचं शिक्षण म्हणून ज्याचं गुणगान करायचं, त्याच्या दारावरची ही पाटी वाचल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मग पुस्तक वाचायचं की नाही?

वाचायचं. आणि इथे मला माझ्यावरच उलटलेली गोष्ट सांगायची आहे. त्या रात्री पुरावा शोधत शोधत मी शेवटच्या प्रकरणापर्यंत आले, तर तिथे नुसबॉम स्वतःच सांगतात की हा जाहीरनामा आहे, आकडेवारीवर उभा केलेला अभ्यास नव्हे. म्हणजे त्यांनी कधी ‘दाखवून दिलं’ असा दावा केलाच नव्हता. दावा मी केला होता, त्यांच्या नावावर. पेन्सिलीची रेघ माझ्या वाक्याखाली होती.

वर मी घेतलेले आक्षेप त्यामुळे मागे जात नाहीत. जाहीरनाम्यालाही माती, मजुरी आणि पाटी यांचं उत्तर द्यावंच लागतं. पण जाहीरनामा वाचून आपण पेटतो, आणि पेटल्यावर प्रश्न विचारायचे असतात. मला या पुस्तकाने पेटवलं, हे मी नाकारणार नाही.

तर यंदा एसओपी पाठवणार असाल तर एवढं करा. ‘दाखवून दिलं आहे’ खोडा आणि ‘म्हणतात’ लिहा. मग पुढचं वाक्य आपोआप मागणी करेल: त्या म्हणतात, पण तुम्हाला काय तपासायचंय? तुमच्या तालुक्याच्या कॉलेजात नव्वदच्या वर्गात एका प्राध्यापकाने वर्षभर मुलांचे निबंध परत लिहून घेतले, तर काय होतं? हा प्रश्न अमेरिकेतल्या कुठल्याही समितीला रस वाटेल असा आहे. आणि तो विचारायला छोट्या कॉलेजात शिकलेलं असावं लागत नाही, मोठ्या वर्गात मागच्या बाकावर बसलेलं असलं तरी पुरतं.